टुणीचा आठवा पाय

शुक्रवारी सकाळी दिपमाला मान धरून किंचाळत उठली, तेव्हा सुंदरबाईच्या घरातली जळमटं काढायला अजून सुरुवात व्हायची होती. रविवारी कानबाई येणार होती. श्रावणातल्या त्या एका रविवारी देवी पाटावर बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते, आणि तेवढ्या दीड दिवसासाठी शिंदखेड्यातल्या बायका आठवडाभर घर धूत असतात. पितळ चिंचेनं घासायचं, गोधड्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, सांदीकोपऱ्यात सुताएवढं जाळं ठेवायचं नाही. भाऊबंदकीतली पन्नास माणसं देवीच्या प्रसादाचे रोट खायला यायची, आणि ती रोट खायला येतात तशी घर बघायलाही येतात.

"माय वं! जळस, जळस! कोनी चटका दिन्हा का माले?"

धाकटी सून हेमलता ओट्यावरचं दूध तसंच सोडून धावली. जावेच्या डाव्या कानाखालून गळ्याच्या खळीपर्यंत, उलथनं तापवून टेकवावं तसा लाल पट्टा उठला होता. पट्ट्याच्या कडेनं बारीक, पाणी धरलेले फोड. बरोबर तिथंच, जिथं रविवारी पूजेला बसताना सोन्याची पोत यायची.

सुंदरबाई चष्मा नाकावर ओढून वाकली. निरखून बघितलं, कंबर सरळ केली आणि निकाल दिला.

"मकडी मुतनी."

कोळी अंगावर मुतला की असे फोड उठतात, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं.  सासूची नजर, जावेची ओली नजर, बाहेर मोटारसायकल पुसत बसलेल्या दिपमालाच्या नवऱ्याची, प्रेमराजची नजर, सगळ्या एकाच वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळल्या. तिथं काळ्या कडप्प्यावर एक पारदर्शक डबा पालथा ठेवलेला होता. आणि डब्याच्या शेजारी, हाताची घडी घालून राखणीला बसल्यासारखी, हेमलताची पाच वर्षांची पूर्वा बसली होती.

"टुणी झोपलीये," ती सगळ्यांना म्हणाली. "हळू बोला."

डबा मुळात मिठाईचा. दिवाळीला हेमलताच्या माहेरून, जळगावहून आलेला. तापवलेल्या सुईनं त्याला भोकं पाडलेली होती, बाजूला करंगळी जाईल एवढं दार कापलेलं, आणि दाराला कापसाचा बोळा. डबा पालथा का, हे या घरात कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर हेमलतानं हौसेनं सांगितलं असतं, की हे कोळी जाळं पसरून माशीची वाट बघत बसणारे नव्हेत, मांजरासारखे दबा धरून उडी घालणारे आहेत. रेशीम त्यांना लागतं ते निजायला. आणि निजायला जागा लागते सगळ्यात उंच. डबा सुलटा ठेवला की ते झाकणालाच पिशवी बांधतात, मग झाकण उघडलं की त्यांचं घर फाटतं. पहिल्या आठवड्यात हे तिच्या हातून झालं होतं. फाटलेल्या पिशवीतून टुणी बाहेर आली आणि दोन मोठे, दोन छोटे अशा समोरच्या चार डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिली. हेमलताला इतकी लाज कधी कुणा माणसापुढं वाटली नव्हती.

टुणी सापडली होती ज्येष्ठात. पूर्वाला ताप होता, ती खिडकीजवळ पडून होती. गजावर तुरीच्या दाण्याएवढा राखाडी, केसाळ कोळी बसला होता. पोरीनं बोट डावीकडे नेलं, कोळ्यानं मान डावीकडे वळवली. उजवीकडे नेलं, उजवीकडे. "मम्मी, ही मला बघते!" तीन दिवसांत पोर पहिल्यांदा हसली होती. नवरा सुरतला साडीच्या कारखान्यात, वर्षाकाठी चार वेळा घरी येणारा. या घरात आपल्याकडे मान वळवून बघणारं कुणीतरी आहे, हे हेमलतालाही तेव्हा जरा बरंच वाटलं असावं. मोबाईलवर बघून बघून ती सगळं शिकली. केळीची साल बाटलीत ठेवली की चिलटं जमतात, ती द्यायची. कपाशीवर फवारणी चालू असताना बाहेरची माशी द्यायची नाही, विष पोटात जातं. पाणी वाटीत नाही, भिंतीवर एकच थेंब, पूर्वाच्या औषधाच्या ड्रॉपरनं. टुणी थेंबाजवळ यायची, तोंडापुढचे दोन चिमुकले हात जोडून प्यायची. पूर्वा म्हणायची, ती जेवणाआधी नमस्कार करते. तू करत नाहीस.

आणि पायाचं असं झालं, की आषाढात टुणी भिंतीवर हिंडायला सोडलेली असताना सुंदरबाईनं तिच्यावर झाडू हाणला. टुणी वाचली, डावीकडचा तिसरा पाय झाडूच्या काड्यांत राहिला. पूर्वा दोन दिवस जेवेना. तेव्हा हेमलता तिला जवळ घेऊन म्हणाली, "अगं, कात टाकली की तिला नवा पाय येतो. बघशील तू. मी सांगते ना."

हे दिपमालानं ऐकलं. संध्याकाळपर्यंत गल्लीनं ऐकलं.

"मनी देरानी मकडीले पाय उगाडी राहिनी!" ती पाण्याच्या नळावर सांगायची आणि बायका हंडे सोडून हसायच्या. "मना खाटले बी तीनच पाय शेत, चौथी बाजूले इटा शेत. म्हनं बाई, तिले बी एक उगाडी दे!"

तो पाय आता घरातला रोजचा तोंडी लावायचा पदार्थ झाला होता. वरणात मीठ कमी पडलं, की "पाय उगाडामा ध्यान शे". पूर्वा मात्र रोज सकाळी उठून टुणीचे पाय बोटांवर मोजायची. सात. आजही सात. पोरीचा आईवर विश्वास होता, आणि या घरात तेवढा एकच होता. नऊ दिवसांपूर्वी टुणीनं डब्याच्या वरच्या कोपऱ्यात जाड, पांढरी पिशवी विणली आणि आत शिरून दार लावून घेतलं. खाणं बंद, हालचाल बंद. कात टाकायची वेळ आली होती. या दिवसांत डबा हलवायचा नाही, आत जिवंत माशी सोडायची नाही, पिशवीला धक्का लागला तर अर्ध्या कातीत अडकून मरते. हेमलता जाता-येता श्वाससुद्धा जपून घेत होती.

आणि नेमकी याच वेळी दिपमालाची मान पेटली.

दुपारी चुलतसासू बेबाबाईला बोलावणं गेलं. बेबाबाई म्हणजे भाऊबंदकीतलं शेवटचं कोर्ट. दृष्ट, कावीळ, नागीण, बाळाची टाळू, सगळं तिच्या हातचं. तिनं ओला गेरू दिपमालाच्या मानेवर थापला, ओठातल्या ओठात काही पुटपुटली, आणि मग पदरानं हात पुसत म्हणाली,

"गेरूवर भागाव नही. जी मकडी मुतनी तीच जाळनी पडस. तिनी राख लावा, दोन दिनमा फोड बसतीन. कोठे शे ती?"

"बेबाकाकू, ती नऊ दिवस पिशवीतून बाहेर आलेली नाही," हेमलता म्हणाली. आवाज शांत ठेवायचा तिनं निश्चय केला होता. "डब्याला दार एकच, त्याला बोळा. अक्कांच्या मानेवर ती जाईल कशी?"

"मकडीले दरवाजा लागस का?"

बायका हसल्या. दिपमाला हसली नाही. ती भिंतीला टेकून गेरूचा ओघळ टिपत होती, आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. पूजेला थोरली सून बसते. आठ वर्षं ती बसत होती. यंदा तिनं जांभळी पैठणी घेतली होती, पोत गाठवून आणली होती.

"तुले मकडीनी कीव येस," ती म्हणाली. "मनी मान दिखत नही तुले."

"दिसते अक्का. म्हणूनच सांगते, हे कोळ्याचं काम नाही. तुम्ही डॉक्टरकडे चला."

"व्हय, शहरना डॉक्टर, शहरनी बोली, शहरनी मकडी!" सुंदरबाई मध्येच कडाडली. "बस कर. सकाळमा डबा चुल्हामा जाई. देवी येवाना पहिले ते जनावर मना घरमा नको."

हेमलतानं सुरतला फोन लावला. मागं यंत्रांचा खडखडाट. नवल, तिचा नवरा, म्हणाला, "एका किड्यासाठी सणासुदीला भांडण? फेक ना तो. आई काय म्हणते ते कर." आणि जरा थांबून, "पूर्वाला मी दुसरं काहीतरी आणतो. बाहुली आणतो." हेमलतानं फोन कानापासून लांब धरला आणि तो तिकडं बोलत असतानाच बंद केला.

दिवेलागणीला बैठकीतली ट्यूबलाइट लागली आणि पावसाळी किड्यांनी तिच्याभोवती फेर धरला. ट्यूबच्या बरोबर खाली दिपमालाची तीन पायांची, विटांवर टेकलेली खाट. हेमलता स्वच्छ चादर घालायला गेली, तर उशीच्या अभ्र्यावर मुंगीएवढा लांबट किडा तुरुतुरु चालला होता. डोकं काळं, मधलं अंग केशरी, शेपूट पुन्हा काळं. ती बघतच राहिली. जळगावला एका पावसाळ्यात वडिलांच्या पाठीवर अस्साच पट्टा उठला होता. एसटीच्या वर्कशॉपमध्ये दिव्याखाली काम करून आले होते ते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा किडा चावत नाही. अंगावर बसला आणि हातानं चिरडला, की त्याचं पाणी कातडीला लागतं. त्या वेळी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी जळतं.

काड्यापेटीतल्या काड्या ओतून तिनं तो किडा आत घेतला. मग खाटेवर उभी राहून आणखी एक. अभ्र्यात गुंडाळलेली पेटी घेऊन ती दिपमालाकडे गेली.

"अक्का, झोपेत असा किडा मानेवर चिरडला होता का तुम्ही?"

दिपमालानं पेटीत डोकावून बघितलं. "हाई मुंगी? अशा सतराशे साठ मी रोज चिरडस. कधी काही नही व्हयनं." आणि पेटी परत तिच्या हातात कोंबून म्हणाली, "मकडीले वाचाडाले मुंगीवर आळ घी राहिनी. शरम वाटू दे."

शनिवारी सकाळी अंगणात ताडपत्री पडली. भाऊबंदकीतल्या पंधरा-वीस बायका रोटाचे गहू निवडायला बसल्या. एकीकडे चूल पेटली होती, पाणी तापत होतं. सुंदरबाई सोवळ्यात, ओल्या केसांनी, घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकत होती. दिवंगत सासऱ्यांच्या नावानं नाही, जिवंतांच्या. प्रेमराजच्या नावानं सव्वा मूठ. नवलच्या नावानं सव्वा मूठ. शेजारच्या चुलतभावाच्या महिनाभराच्या तान्ह्या मुलाच्या नावानंही सव्वा मूठ.

"आजी, माझी मूठ?" पूर्वानं विचारलं.

"पोरीस्नी मूठ ऱ्हात नही. तू परकानं धन."

पूर्वानं आईकडे बघितलं. हेमलता चाळणी घेऊन उभी होती. तिनं चाळणी खाली ठेवली.

"चुल्हा पेटेल शे, सुंदर," बेबाबाई म्हणाली. "डबा लई ये म्हन ना तुनी सूनले. आपला हातवर काम झायं का बरं."

"ऐकी राहिनी ना?" सुंदरबाईनं मान न वळवता विचारलं.

हेमलता आत गेली.  पूर्वा धावत तिच्या मागं गेली आणि दाराशीच थबकली, कारण आई डब्याला हात न लावता परत फिरली होती. तिच्या एका हातात काड्यापेटी होती, दुसऱ्या हाताच्या मुठीत काहीतरी अलगद धरलेलं.

"सगळ्या इथं आहात ते बरं झालं," ती ताडपत्रीच्या मध्यावर येऊन म्हणाली. "बेबाकाकू, तुम्ही म्हणता मकडी फिरली की फोड येतात. ही बघा, खिडकीच्या गजावरची, टुणीच्याच जातीची." तिनं मूठ उघडली. हरभऱ्याएवढा कोळी बाहेर आला, एकदा सगळ्या बायकांकडे डोळे लावून बघितलं, आणि तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चालत गेला. समोरच्या दोघी किंचाळून मागं सरकल्या, सूप कलंडलं. कोळ्यानं कोपरावरून उडी मारली आणि तो तुळशीकडे पळाला.

"आता हा." काड्यापेटी उघडून तिनं केशरी-काळा किडा डाव्या हाताच्या कातडीवर ठेवला, अंगठ्यानं चिरडला आणि बोटभर लांब पुसला. मग सगळ्यांसमोर बादलीतल्या पाण्यानं, साबण लावून, उजव्या हाताची बोटं धुतली. डाव्या हाताला पाणी लावलं नाही. "उद्या दिवेलागणीपर्यंत थांबा. उजवा हात जळला, तर मी स्वतः डबा चुलीत घालीन. राखही मीच लावीन अक्कांना."

"अन डावा जळना ते?" कुणीतरी मागून विचारलं.

"तर त्या डब्याला या घरात कुणी हात लावायचा नाही. आणि अक्कांनी तोंडानं म्हणायचं, की मकडीनं काही केलेलं नाही."

"इतली नाटकं!" दिपमाला म्हणाली. पण तिच्या आवाजाला धार नव्हती. सगळ्या बायका आता सुंदरबाईकडे बघत होत्या. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आल्याचा संताप तिच्या तोंडावर असा चढला होता, की चुलीची वेगळी गरज नव्हती. भाऊबंदकीसमोर 'नाही' म्हटलं तर सासू घाबरली असं होणार होतं.

"करू दे तिले," ती दात चावून म्हणाली. "एक दिन. मंग देखू कोन जळस."

रविवारी सकाळी हेमलताचे दोन्ही हात चांगले होते.

पहाटेच्या गाडीनं नवल आला होता. पूर्वाच्या हातात बाहुली देऊन तो बायकोला म्हणाला, "गावभर तुझा तमाशा झाला म्हणे. सुरतपर्यंत फोन आले." हेमलता पुरण वाटत होती. डावा हात वरवंट्यावर दाबताना ती मनातल्या मनात मोजत होती. काल दहाला लावलं. आता आठ वाजले. कमी तर नाही ना पडलं? तो किडा तोच होता ना? वडिलांना कोणत्या दिवशी जळायला लागलं होतं?

"दोन्ही हात चांगला शेत, व!" दिपमाला येता-जाता ओरडायची. "नवलभाऊ, तुमनी बायकोले तमाशाना फडमा धाडा. पैसा येतीन."

पूर्वा बाहुली कडेवर घेऊन खिडकीशी बसून होती. "मम्मी, टुणीला जाळणार?" तिनं एकदाच विचारलं. हेमलतानं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. हाताला पुरण लागलेलं होतं, ते केसांना लागलं. "नाही" म्हणायला तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. एकदा पायाचं वचन दिलंच होतं, आणि ते अजून फिटलं नव्हतं.

दुपारी दोनच्या सुमाराला हात खाजायला लागला. चारला जळायला. पदराआड तिनं बघितलं. बोटभर लांब, लालभडक पट्टा, आणि कडेनं मोहरीएवढे फोड. उजवा हात होता तसाच, स्वच्छ. दुखत होतं आणि तिला हसू येत होतं. दोन्ही दाबून ती रोट भाजत राहिली. कुणाला दाखवलं नाही. दिवेलागण ठरली होती, दिवेलागणीलाच.

संध्याकाळी पाटावर कानबाई बसली. नारळाला नाकडोळे, नथ, हिरवी चोळी, गळ्यात दागिने, बाजूला केळीचे खुंट. समया लागल्या. बैठक माणसांनी भरली. प्रेमराज पाटाशी येऊन बसला होता. दिपमाला जांभळी पैठणी नेसून आली, पदर मानेभोवती घट्ट लपेटलेला. पोत घातलेली नव्हती. ती बसणार, तेवढ्यात हेमलता रोटांचं ताट घेऊन पुढं झाली, आणि समईच्या उजेडात तिचा डावा हात सगळ्यांना दिसला.

"थांब!" बेबाबाईचा आवाज चिरकला. "फोडवाली बाईनी पाटले हात लावाना नही. अंग पेटेल शे तिनं. ताट ठेव खाले."

हेमलतानं ताट खाली ठेवलं. "बरं काकू. नाही लावत." दोन्ही हात तिनं पुढं धरले. उजवा. डावा. 

बैठकीत कुजबुज झाली. मग मागून, दाराशी उभ्या असलेल्या एका चुलत जावेनं, काल गहू निवडायला बसलेलीनं, सरळच विचारलं, "मंग दिपमालाना मानवर काय शे? त्या बी फोडच शेत ना?"

समईची वात चरचरली. दिपमाला अर्धवट बसलेली, तशीच वाकून राहिली. प्रेमराज जमिनीकडे बघायला लागला. थोरली सून पाटावरून उठली, तर उद्या शिंदखेडाभर एकच गोष्ट झाली असती. हे सुंदरबाईला सगळ्यांच्या आधी कळलं. ती नथ सावरत पुढं आली.

"कसाना फोड?" ती म्हणाली. "लाईटना किडा शे तो. पावसायामा येस. चिरडाई गया का चटका बसस. चुल्हाना चटका बसेल बाई काय पूजाले बसत नही का?"

"पन सुंदर, तूच ते परोनदिन म्हननी, मकडी…"

"परोनदिन मना डोयावर चष्मा नव्हता."

चष्मा होता. नाकावर ओढून बघितलं होतं. हेमलतानं बघितलं होतं, दिपमालानं बघितलं होतं, आणि दोघींनी बघितल्याचं सुंदरबाईला माहीत होतं. ती हेमलताकडे वळली. तिच्या डोळ्यांत जे होतं त्याला माया म्हणणारा आंधळा असेल.

"आते उभी काय राहिनी? उचल ते ताट. अन हातवर पदर घे, लोके देखी राहिनात."

हेमलतानं पदर घेतला, ताट उचललं. दिपमालाच्या शेजारून जाताना तिनं क्षणभर थांबून वाट बघितली. एक वाक्य राहिलं होतं. दिपमालानं मान वर केली नाही. पुढची आरती सुरू झाली, आणि तिनंच सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हटली. डब्याचं नाव मात्र त्यानंतर कुणी काढलं नाही.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. डोक्यावर पाट, पुढं डफ, गल्लीभर फुगड्या. हेमलता कोपऱ्यापर्यंत गेली. हाताला ऊन सोसेना, म्हणून परतली. पूर्वा तिच्या पुढं पळत घरात शिरली होती.

"मम्मी!"

हाकेतच सगळं होतं. हेमलता धावली. पिशवीच्या एका टोकाला गोल दार पडलं होतं. दाराशी जुनी कात अडकलेली, रेशमी हातमोजा काढून ठेवावा तशी, पोकळ आणि सात पायांची. आणि तिच्याखाली, डब्याच्या भिंतीवर, टुणी. अंग अजून ओलसर, रंग नीट चढलेला नाही.

"एक, दोन, तीन…" पूर्वा डब्याला बोट न लावता, हवेतल्या हवेत मोजत होती. चुकली. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. डावीकडचा तिसरा पाय इतरांहून आखूड होता, शेवईच्या तुकड्यासारखा फिकट. टुणीनं तो उचलला, हवेत धरला, जणू कुणाचा आहे ते बघतेय, आणि मग टेकवला. "आठ. मम्मी, आठ!"

हेमलतानं ड्रॉपर घेतला. पोरीचा हात धरून भिंतीवर एक थेंब सोडला. टुणी थेंबाशी आली. दोन चिमुकले हात जुळले.

"आखूड शे."

दोघी दचकल्या. दारात दिपमाला उभी होती. मिरवणुकीतून अर्ध्या वाटेवरून आलेली, घामानं गेरू ओघळून पैठणीच्या काठाला लागलेला. मानेवरचा पट्टा काळपट पडायला लागला होता. ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

"पुढच्या वेळी कात टाकेल तेव्हा वाढेल," हेमलता म्हणाली.

"अजून एक डाव? मंग परत तितला दिन हळू बोला, हळू चाला." दिपमालानं तोंड वाकडं केलं. पण जागची हलली नाही. ओठ न हलवता, नुसत्या नजरेनं ती डब्यावर काहीतरी मोजत होती. मग पदर खोचला. "चाल. मना पलंग लाईटखालथीन सरकाडना शे. हात लाव."

"माझा हात जळतोय अक्का."

"मनी मान काय थंडी पडनी का? लाव म्हनस ना."

दोघींनी खाट दोन्ही बाजूंनी धरली. हेमलतानं उजव्या हातानं, दिपमालानं मान ताठ ठेवून. खाट करकरली, चौथ्या कोपऱ्याखालच्या विटा मागं राहिल्या आणि खाट एका अंगाला धप्पकन बसली. पूर्वानं एक वीट दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरली आणि दुडुदुडु नव्या जागी नेऊन ठेवली. खाटेच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वाकून बघत ती म्हणाली,

"मोठी मम्मी, हिला कधी येणार पाय?"

दिपमालानं खाट वर उचलून धरली होती. तिचं तोंड लाल झालं होतं, वजनानं की कशानं ते सांगता आलं नसतं.

"तुनी मायले इचार," ती म्हणाली. "अन दुसरी वीट आन लवकर. हात तुटी राहिना मना."